एसटी० म्हणजे नेमका कोणता ड्राइव्ह?

बॅकअपच्या टेप वाचणाऱ्या-लिहिणाऱ्या यंत्रांची, म्हणजे टेप ड्राइव्हची, यादी कशी वाचायची आणि ती वहीत कशी नोंदवायची, याबद्दलची पत्रं थांबायचं नाव घेत नाहीत, आणि बहुतेकांत घोळ एकच असतो. लिनक्सवर जोडलेल्या ड्राइव्हची यादी देणारी 'एलएस-स्कझी' (lsscsi) ही कमांड दिली, पडद्यावर आलेल्या ओळींचा मोबाइलवर फोटो काढला की दस्तऐवज तयार, असा समज दिसतो. म्हणून काही प्रश्न एकत्रच घेतो.

कंसातल्या [६:०:४:०] या चार आकड्यांचा अर्थ काय? (विद्यार्थी, राजारामपुरी)

होस्ट (मशीनमधलं कार्ड), चॅनल (त्या कार्डावरची वाट), टार्गेट (त्या वाटेवरचं उपकरण) आणि लन (उपकरणातला भाग), याच क्रमाने.

ओळीच्या शेवटी /डेव्ह/एसटी० ऐवजी नुसती आडवी रेघ येते. ड्राइव्ह गेला का? (कारखानदार, शिरोली एमआयडीसी)

गेला असता तर ओळच आली नसती. /डेव्ह/एसटी० हे लिनक्सने ड्राइव्हला दिलेलं नाव; ते देणारं कर्नलचं, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याचं, 'एसटी' मॉड्यूल बहुधा लोड झालेलं नाही. सिस्टिम ॲडमिनला दाखवा, स्वतः खटपट नको.

यादीत 'मीडियमएक्स' अशी एक ओळ दिसते. दुरुस्तीला आलेला मुलगा म्हणाला व्हायरस आहे, सर्व्हर फॉरमॅट करू या. करावा का? (छपाई व्यावसायिक, लक्ष्मीपुरी)

अजिबात नाही! ती टेप लायब्ररीतल्या रोबोची ओळ आहे. खणातली टेप उचलून ड्राइव्हमध्ये घालायचं काम तो करतो. कोणत्या खणात कोणती टेप आहे ते 'एमटीएक्स' कमांड सांगते. त्या मुलाला मात्र सर्व्हरच्या खोलीची किल्ली पुन्हा देऊ नका.

आमच्या पतसंस्थेत दोन ड्राइव्ह आहेत. रजिस्टरमध्ये 'एसटी० हिशेबासाठी, एसटी१ स्कॅन केलेल्या कागदांसाठी' अशी नोंद आहे. दिवाळीच्या सुट्टीत सगळं बंद केलं होतं. चालू केल्यावर हिशेबाचा बॅकअप दुसऱ्याच टेपवर जायला लागला. यादी तर पूर्वीसारखीच दिसते. (शाखाधिकारी, शाहूपुरी)

यादी तशीच दिसणार, कारण दोन्ही ड्राइव्ह एकाच मॉडेलचे असावेत. चूक तुमच्या रजिस्टरमध्ये आहे. कोल्हापूरच्या मध्यवर्ती बसस्थानकावर (सीबीएस) एक नंबरच्या फलाटाला आज कोणती गाडी लागली, यावरून ती गाडी ओळखता येत नाही. त्यासाठी नंबरप्लेट बघावी लागते. एसटी० हा फलाट आहे. मशीन सुरू होताना ड्राइव्ह ज्या क्रमाने सापडतात त्या क्रमाने ०, १ असे आकडे वाटले जातात. एखादी केबल हलली, कार्ड बदललं किंवा एक ड्राइव्ह उशिरा जागा झाला, की आकडे फिरतात. यात बिघाड काहीच नाही.

नंबरप्लेट म्हणजे सिरियल नंबर, आणि साध्या यादीत तो येतच नाही. तिथे प्रकार, कंपनी, मॉडेल, फर्मवेअरची (ड्राइव्हच्या आतल्या सॉफ्टवेअरची) आवृत्ती आणि नोडचं, म्हणजे /डेव्हमधलं, नाव एवढंच असतं. उदाहरणार्थ: टेप, आयबीएम, यूएलटी३५८०-एचएच७, मग आवृत्ती, मग /डेव्ह/एसटी०. यातला एचएच म्हणजे अर्ध्या उंचीचा ड्राइव्ह आणि ७ ही एलटीओ या टेप-प्रकाराची पिढी. पण तुमच्याकडे असे दोन असतील तर कोणता कोणता, हे या ओळीवरून कळायचं नाही. त्यासाठी /डेव्ह/टेप/बाय-आयडी ही डिरेक्टरी उघडा. तिथली नावं ड्राइव्हच्या स्वतःच्या ओळखीवरून पडतात, रीबूटनंतरही बदलत नाहीत. बॅकअपच्या सेटिंगमध्ये तेच नाव द्या.

आता नोंद. कमांड कोणत्या पर्यायांसह दिली ते अक्षरशः लिहा. 'जी' हा पर्याय दिला की एसजीचा (त्याच ड्राइव्हच्या दुसऱ्या, /डेव्ह/एसजी० अशा नावाचा) एक रकाना वाढतो, आणि वर्षाने कुणी पर्यायाशिवाय यादी काढली तर दोन्ही जुळत नाहीत. मशीनचं नाव, तारीख, आउटपुटचा मजकूर (फोटो नको, मजकूर), त्यातल्या प्रत्येक ओळीसमोर स्टिकरवरचा सिरियल नंबर आणि ड्राइव्ह रॅकमध्ये कुठे आहे ते. ड्राइव्ह, कार्ड किंवा फर्मवेअर बदललं की नवी नोंद, जुनी खोडायची नाही. वहीची एक प्रत दुसऱ्या इमारतीत ठेवा. २०१९ आणि २०२१ चे महापूर बघितलेल्या गावाला हे वेगळं सांगावं लागू नये, पण लागतं. दिवाळीनंतरच्या टेपांवर नेमकं काय गेलंय ते बॅकअपच्या जाणकाराकडून तपासून घ्या, तोवर एकही टेप पुन्हा वापरू नका.

एकाच टेपवर दोन बॅकअप घेतले, सापडतो एकच. (लेखापाल, कागल)

/डेव्ह/एसटी० वर लिहिलंत ना? त्या नावाने काम संपलं की टेप आपोआप सुरुवातीला गुंडाळली जाते आणि पुढचा बॅकअप पहिल्याच्या डोक्यावर बसतो. न गुंडाळणारं नाव एनएसटी०. 'एलएस-स्कझी'च्या यादीत ते दिसत नाही, म्हणून वहीत मुद्दाम लिहायचं. ती टेप आता बाहेर काढा, तिच्यावर पुन्हा लिहिलं जाऊ नये म्हणून असलेली खिट्टी लावा आणि डेटा रिकव्हरीवाल्याशी बोला. आशा फार धरू नका.

यादीत साइजचा रकाना रिकामा का? टेपवर तर १५ टीबी छापलंय. (दुकानदार, गोकुळ शिरगाव)

यादी ड्राइव्हची आहे, टेपची नाही. आणि ते १५ टीबी म्हणजे विक्रीची चलाखी. एलटीओ-७ टेपची खरी क्षमता ६ टीबी; डेटा अडीचपट दाबला जाईल असं गृहीत धरून मोठा आकडा ठळक छापतात. सीसीटीव्हीचं चित्रीकरण आणि जेपीजी फोटो आधीच दाबलेले असतात. हिशेब ६ चाच धरा.

गेल्या पावसाळ्यापासून ड्राइव्ह यादीतून गायब आहे. जुन्या टेप एलटीओ-५ च्या. डीलर म्हणतो एलटीओ-९ घ्या, सगळं वाचतो. (व्यवस्थापक, हातकणंगले)

गेल्या पावसाळ्यापासून? मग इतके महिने बॅकअप जातोय कुठे? आज, उद्या नव्हे, सर्व्हिस इंजिनिअरला बोलावून केबल आणि कार्ड तपासून घ्या. डीलरचं म्हणणं साफ खोटं आहे. एलटीओ-९ ड्राइव्ह ८ आणि ९ याच पिढ्यांच्या टेप वाचतो. एलटीओ-५ साठी ५, ६ किंवा ७ चा ड्राइव्ह लागतो, ८ सुद्धा चालत नाही. जुना ड्राइव्ह भंगारात द्यायची घाई नको. नवा घेताना तुमचीच एक जुनी टेप त्यावर समोर वाचून दाखवायला सांगा आणि पैसे त्यानंतर द्या.