कौटुंबिक व्यवसाय म्हणून औषधी कॅनॅबिस? आधी सातबारा बघा

कोपरखैरण्याहून एका आईचं पत्र आलं आहे. मुलगा बारावी सायन्स चांगल्या मार्कांनी पास झाला, बायॉलॉजी ग्रुपची सीईटीही दिली. आता म्हणतो, कॉलेजचं नंतर बघू. मुरबाडजवळच्या वडिलोपार्जित तीन एकरांत औषधी कॅनॅबिस, म्हणजे औषधासाठी गांजाचं झाड, लावायचं. काका शेत बघतील, बाबा हिशेब, तांत्रिक बाजू तो स्वतः. आजोबांच्या कॅन्सरच्या दुखण्यात वैद्यांनी विजयेचं (आयुर्वेदात याच झाडाचं नाव) तेल दिलं होतं, तेव्हापासून त्याला या विषयाची ओढ लागली. यजमानांनी नुकतीच व्हीआरएस घेतली आहे आणि त्यांनाही कल्पना पटली आहे. ओळखीतून भेटलेला एक सल्लागार परवाना, बियाणं आणि माल विकत घेण्याची हमी, असे सगळ्याचे मिळून सहा लाख मागतो आहे. ताई विचारतात, "मी त्याला अडवते आहे, हे चुकतंय का?"

ताई, शेतीला अडवताय ते बरोबर आहे. पण विषयालाच अडवू नका. या दोन गोष्टी घरातल्या वादात एक झाल्या आहेत, त्या आधी वेगळ्या करू.

१९८५ च्या एनडीपीएस या अमली पदार्थांविषयीच्या कायद्याच्या कलम ८ नुसार गांजाचं झाड लावायला बंदी आहे. वैद्यकीय आणि वैज्ञानिक कामासाठी सूट आहे, पण ती सरकारने घालून दिलेल्या चौकटीत. लागवडीला परवानगी देण्याचा अधिकार कलम १० ने राज्यांना दिला आहे. कलम १४ खाली धागा आणि बियांसाठी औद्योगिक लागवडीला परवानगी देता येते. तुमचा मुलगा उत्तराखंडचे जे व्हिडिओ दाखवतो, ते या दुसऱ्या प्रकारचे आहेत. तिथे २०१८ मध्ये हेम्पच्या, म्हणजे कमी नशेच्या वाणाच्या, लागवडीला परवाना मिळाला, तोही नशा आणणारा टीएचसी हा घटक ०.३ टक्क्यांच्या आत ठेवण्याच्या अटीवर. त्या झाडाचा धागा होतो, बिया खाद्यपदार्थ म्हणून विकता येतात. २०२१ मध्ये एफएसएसएआय या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने बिया, त्यांचं तेल आणि पीठ यांना मान्यताही दिली. औषधासाठी फुलोरा पिकवणं हे वेगळंच काम आहे. हिमाचलने जानेवारी २०२५ मध्ये पथदर्शी अभ्यासाला मंजुरी दिली, तीसुद्धा पालमपूर आणि नौणीच्या विद्यापीठांमार्फत करायच्या कामाला. जम्मूत आयआयआयएम ही सीएसआयआरची (केंद्राच्या वैज्ञानिक संशोधन परिषदेची) संस्था बंदिस्त क्षेत्रात लागवड करून संशोधन करते. महाराष्ट्राने तुमच्यासारख्या कुटुंबाला ही शेती करता येईल असे नियम केलेले नाहीत.

आता सातबारा काढून समोर ठेवा. पत्रात तुम्ही लिहिलंय की त्यावर अजून सासूबाईंचं नाव आहे, खाली दोन्ही मुलांची. विनापरवाना लागवडीला दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड आहे. स्वतःच्या जमिनीचा अशा कामासाठी वापर जाणूनबुजून होऊ दिला, तर मालकालाही शिक्षा आहे. म्हणजे कल्पना अठरा वर्षांच्या मुलाची आणि पोलीस ठाण्याच्या पायऱ्या आजीने चढायच्या! खरीप-रब्बीला ई-पीक पाहणीत तुमचे दीर पिकाचा फोटो टाकतात ना? तिथे या पिकाची नोंद काय करणार, हे त्यांना मुलासमोरच विचारा. माझ्या मते घरातली चर्चा त्या प्रश्नावर जमिनीवर येईल.

सल्लागाराला पैसे देऊ नका. कोणत्या कलमाखाली, कोणत्या अधिकाऱ्याच्या सहीने, कोणत्या गट नंबरसाठी परवाना मिळेल, हे त्याच्याकडून कागदावर मागा आणि तो कागद घेऊन ठाण्याच्या राज्य उत्पादन शुल्क कार्यालयात स्वतः जा. माल विकत घेण्याची हमी देणाऱ्याने आधी स्वतःचा औषधनिर्मितीचा परवाना दाखवला पाहिजे. व्हीआरएसचे पैसे पुन्हा उभे राहत नाहीत, आणि यजमान घाईत आहेत असं पत्रावरून वाटतं. त्यांच्याशी तुम्हीच बोला.

समजा उद्या महाराष्ट्रातही नियम झाले. तरी लावलं, कापलं, विकलं असं हे पीक नाही. कॅनडाने २०१८ मध्ये छोट्या उत्पादकांसाठी २०० चौरस मीटरचा वेगळा परवाना काढला. कुंपण, नोंदी, तपासण्या त्यांनाही होत्याच. पुढे माल मागणीपेक्षा जास्त झाला आणि अनेक उत्पादकांना गाशा गुंडाळावा लागला. आपल्याकडे त्यात मुरबाडचा पाऊस आणि दमट हवा. दाट फुलोऱ्यात ओल राहिली की बुरशी धरते, आणि बुरशी लागलेला माल औषधाला चालत नाही.

आता मुलाच्या ओढीबद्दल, कारण ती मला खरी वाटते. आजोबांच्या तेलाची बाटली घरात असेल तर ती त्याच्या हातात द्या. कोणत्या बॅचचं तेल, त्यात टीएचसी किती, सीबीडी हा नशा न आणणारा घटक किती, शिसं, कॅडमियम, आर्सेनिक, पारा तपासला का, कीटकनाशकाचा अंश आहे का, हे लेबलवर सापडतं का ते बघायला सांगा. हे झाड जमिनीतले जड धातू ओढून घेतं, त्यामुळे माती वाईट तर तेल वाईट. दर बॅचला तेच प्रमाण मिळालं तरच डॉक्टर किंवा वैद्य मात्रा ठरवू शकतात. कॅनॅबिसमधल्या सीबीडीपासून बनवलेल्या एका औषधाला अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने २०१८ मध्ये मान्यता दिली, ती लहान मुलांच्या दोन कठीण प्रकारच्या एपिलेप्सीसाठी, आणि रुग्णांवरच्या रीतसर चाचण्यांनंतर. ही तपासणी आणि प्रमाणीकरण करणारी माणसं या क्षेत्राला हवी आहेत. त्याने तिकडे जावं.

माझी पहिली पसंती बी.फार्म. त्यात फार्माकॉग्नोसी म्हणजे वनस्पतिजन्य औषधांचं शास्त्र शिकवतात, आणि एचपीएलसीसारख्या, औषधातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रावर प्रत्यक्ष हात बसतो. बेलापूरला भारती विद्यापीठाचं फार्मसी कॉलेज आहे, म्हणजे घरून जाऊन-येऊन करता येईल. ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या औषध कंपन्या इंटर्नशिपला जवळ पडतात. पुढे जीपॅट ही प्रवेश परीक्षा देऊन एम.फार्म., किंवा जम्मूच्या आयआयआयएमसारख्या संस्थेत संशोधन. तिथे तो हेच झाड कायदेशीरपणे हाताळेल. शेतीतच रमणारा असेल तर दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठातून चार वर्षांचं बी.एस्सी. ॲग्री. दोन्ही प्रवेश सीईटीवरच होतात, तेव्हा कॅप राउंडची (केंद्रीय प्रवेश फेरीची) तारीख चुकवू देऊ नका. शेत एक वर्ष थांबलं तर काही बिघडत नाही. त्याचं वर्ष गेलं तर मात्र परत मिळत नाही.

जमीनही पडून ठेवायची नाही. शेजारच्या शहापूर तालुक्यात कातकरी तरुणांनी वनधन केंद्रातून (वनोपज गोळा करून विकण्याच्या सरकारी योजनेतलं केंद्र) गुळवेल गोळा करून, वाळवून मोठ्या आयुर्वेदिक कंपन्यांना विकली आहे. औषधी वनस्पतींचा धंदा या मातीत होतो. दिरांनी आधी माती तपासून घ्यावी, मग पाव एकरात गुळवेल किंवा शतावरी लावून बघावी. खरेदीदाराशी आधी बोलावं, तो ओलावा किती टक्के मागतो, कीड लागलेला माल परत पाठवतो का, हे विचारावं आणि मगच क्षेत्र वाढवावं. मुलाने सुट्टीत जाऊन वाळवणीच्या, प्रत्येक लॉटच्या नोंदी ठेवाव्यात. कुटुंबाचा व्यवसाय असा सुरू होऊ शकतो, आणि त्याला कोणाचा परवाना विकत घ्यावा लागत नाही.

कॉलेजचा पसंतीक्रम भरायच्या आधी त्याला स्वतःला मला लिहायला सांगा. प्रयोगशाळेत दिवसाचे आठ तास उभं राहायला आवडेल की शेतात, एवढं त्याने प्रामाणिकपणे सांगितलं तर पहिल्या पाच कॉलेजांचा क्रम मी त्याच्याबरोबर बसून लावून देईन.