रामराम बंद झाला तेव्हा

गेल्या तीनेक वर्षांत समुपदेशनाच्या खोलीत एक वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की समोरच्या माणसाने सुरुवात केली की शेवट मला ठाऊक असतो. "मॅडम, तो आमच्या घरातलाच होता. आता रामरामसुद्धा बंद झालाय." कधी ते भावाबद्दल असतं, कधी व्याह्यांबद्दल, कधी शेजाऱ्याबद्दल. कुणबी ओबीसीत मोडतात, म्हणून कुणबी दाखला मिळालेल्या मराठ्याला ओबीसी आरक्षण मिळतं; वाद त्या दाखल्यांचा. १ सप्टेंबर २०२३ ला जालना जिल्ह्यातल्या अंतरवाली सराटीत मराठा आरक्षणाच्या आंदोलकांवर पोलिसांचा लाठीमार झाला. त्यानंतर मराठवाड्यातल्या गावागावांत मराठा आणि ओबीसी अशी जी रेघ ओढली गेली, ती शेताच्या बांधावरून थेट स्वयंपाकघरात आली. एका आळीतल्या माणसाने दुसऱ्या आळीतलं किराणा दुकान टाळायचं, एकमेकांच्या लग्नाला जायचं नाही, इथपर्यंत. त्या सगळ्यांच्या वतीने दोघांची गोष्ट सांगते. गावाच्या आणि माणसांच्या खुणा बदलल्या आहेत.

दोघेही जिल्हा परिषद शाळेत शिक्षक. एकाला भाऊ म्हणू, तो मराठा. दुसरा अण्णा, तो माळी, म्हणजे ओबीसी. अकरा वर्षं दोघं एकाच मोटारसायकलवर शाळेत जायचे. एक आठवडा याची गाडी, एक आठवडा त्याची. २०२४ च्या लोकसभेनंतर दोन गाड्या झाल्या. माझ्याकडे आधी आली ती भाऊंची बायको. "यांना झोप येत नाही, रात्री दोन-दोन वाजेपर्यंत मोबाइलवर भाषणं ऐकतात," ही तिची तक्रार.

पहिल्या दोन-तीन भेटींत भाऊ माझ्याशी बोललेच नाहीत. म्हणजे बोलले भरपूर, पण माझ्याशी नाही. आवाज चढलेला, बोट रोखलेलं, प्रत्येक वाक्यात "तुम्ही लोक". मी त्यांना एवढंच विचारलं, "हे सगळं तुम्ही अण्णांना कधी म्हणालात?"

"त्याला? त्याला कसं म्हणणार!"

"मग ही उत्तरं कुणाला चाललीत?"

ते गप्प झाले. मग हळूच म्हणाले, "त्या मोबाइलमधल्याला."

इथे मला माझीच एक समजूत सोडावी लागली. इतकी वर्षं मी सांगत आले की माणसं ऐकत नाहीत. तसं नव्हतं. भाऊ रोज तीन तास ऐकत होते. आपल्या बाजूचा वक्ता ऐकत होते, त्याने रंगवलेला शत्रू ऐकत होते, आणि सकाळी शाळेत अण्णा दिसले की त्या शत्रूचा राग अण्णांवर निघत होता. अण्णांचंही तेच. दोन मित्र भांडतच नव्हते. भांडणारे दोघे वेगळेच होते, आणि ते या गावात कधी आलेलेही नव्हते.

मी अमेरिकन मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांना मानणारी समुपदेशक आहे, हे लपवत नाही. त्यांनी १९५१ साली एक साधा नियम सांगितला होता : समोरच्याचं म्हणणं त्याचं समाधान होईल इतक्या नेमकेपणाने आधी तुम्ही मांडा, मगच स्वतःचं बोला. आयुष्याच्या अखेरच्या काळात ते बेलफास्टच्या कॅथलिक आणि प्रोटेस्टंट माणसांना, दक्षिण आफ्रिकेतल्या गोऱ्या आणि काळ्या माणसांना एकत्र बसवत होते. आपल्याला यात परकं वाटावं असं काही नाही. आपल्याकडच्या शास्त्रार्थात आधी पूर्वपक्ष, म्हणजे समोरच्याचं म्हणणं, मांडायचा, मग उत्तर द्यायचं, ही शिस्त फार जुनी आहे. ती आपण पंडितांपाशी ठेवून दिली. पारावर आणली नाही.

अण्णा यायला तयार झाले, एका अटीवर : "समेट करायचा नाही." मला ती अट आवडली. समेट हे माझं काम नव्हतंच.

नियम सांगितला. पाळी भाऊंची होती. ते आत्मविश्वासाने म्हणाले, "अण्णाला वाटतं, आम्ही कुणबी दाखले घेऊन आलो की ओबीसींच्या एकोणीस टक्के आरक्षणात वाटेकरी होणार, आणि त्यांच्या पोरांच्या नोकऱ्या जाणार."

अण्णा म्हणाले, "नाही."

भाऊ चमकले. त्यांनी पुन्हा मांडलं, शब्द मऊ केले. पुन्हा "नाही." तिसऱ्या वेळी वैतागून म्हणाले, "मग काय, तूच सांग की!"

मी म्हटलं, "सांगू नका अण्णा. भाऊ, तुम्ही विचारा."

मिनिटभर पंख्याचाच आवाज. मग भाऊंनी जे विचारलं, ते मी वहीत लिहून ठेवलंय. "अण्णा, तू नेमका कशाला घाबरू लागलास रे?"

अण्णांचा चेहरा पाहण्यासारखा होता. वर्षभरात कुणी त्यांना हे विचारलंच नव्हतं. विचारलं होतं ते फक्त "तू कुणाच्या बाजूचा?" ते म्हणाले, "नोकरीचं नाही. माझी पोरगी हुशार आहे, ती तिची वाट काढेल. गावात आमची घरं किती? चावडीवर माझा आजा खाली बसायचा, तुझ्या आजासमोर. आमच्या आळीतलं माणूस ग्रामपंचायतीत खुर्चीवर बसलं ते राखीव जागा आली तेव्हा. माझी बायको सदस्य झाली तेव्हा. उद्या त्याच जागेवर कुणबी दाखला घेऊन तुमच्यातलं कुणी उभं राहिलं, तर आम्हाला मत कोण देणार? पुन्हा खालीच बसायचं का?"

भाऊंनी हे स्वतःच्या शब्दांत परत सांगितलं. सांगताना अडखळले, "खाली बसायचा" या शब्दांवर. अण्णा म्हणाले, "हां. हे."

हे दोन शब्द ऐकायला मी या व्यवसायात आहे असं मला त्या दिवशी वाटलं.

मग पाळी अण्णांची. तेही आधी चुकलेच : "भाऊला वाटतं आरक्षण मिळालं की सगळं सुधारेल." भाऊंनी मान हलवली. अठरा एकर वाटण्या होत होत अडीच एकरावर आलेली, ती कोरडवाहू, सोयाबीनला भाव नाही. हे अण्णांना ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते हे, की भाऊंच्या धाकट्या भावाच्या मुलाला तीन वर्षं स्थळं पाहून कुणी मुलगी देत नाही. "आणि आम्हाला पाटील म्हणतात, म्हणून कुणी कीवसुद्धा करत नाही रे," भाऊ म्हणाले. अकरा वर्षं एका गाडीवर बसलेल्या मित्राला हे माहीत नव्हतं.

दोघांपैकी कुणाचंही मत बदललं नाही. भाऊ आजही दाखल्यांच्या बाजूचे, अण्णा आजही विरोधात. लोक मला विचारतात, मग मिळवलं काय? मी म्हणते, मतभेद परत मिळवला. त्याआधी त्यांच्यात मतभेद नव्हताच, नुसती दहशत होती.

ज्यांच्या घरात असं झालंय त्यांना मी काय सांगते? गटावर, म्हणजे व्हॉट्सअॅपवर, एक अक्षरही उत्तर देऊ नका. तिथे प्रेक्षक असतात आणि प्रेक्षकांसमोर कुणी माघार घेत नाही. तिथे फक्त "येतो, चहा ठेव" एवढंच लिहावं. भेटल्यावर "तू असं का म्हणतोस" हा प्रश्न टाळा, त्यात आरोप असतो. "तुला हे पहिल्यांदा कधी वाटलं" असं विचारा. मग माणूस भाषण करत नाही, आठवण सांगतो. "तुम्ही लोक" हा शब्द तोंडात आला की थांबा. आणि "नाही, माझं म्हणणं ते नाही" असं समोरचा म्हणाला तर हिरमुसू नका. मला तर तिथूनच काम सुरू झालं असं वाटतं.

एक गोष्ट मात्र ठामपणे. ज्याला मारहाण झाली, धमकी आली, जातीवरून अपमान झाला, त्याला "तू आधी समजून घे" असं कुणी सांगू नये. तिथे आधी कायदा आणि सुरक्षितता. ऐकून घेण्याचं ओझं दर वेळी दुखावलेल्याच्या पाठीवर टाकणं हा दुसरा अन्याय आहे. भाऊ आणि अण्णा यांच्यात तसं काही घडलं नव्हतं, म्हणून हे जमलं.

२ सप्टेंबर २०२५ ला हैदराबाद गॅझेटियरचा, म्हणजे निजामकाळातल्या नोंदींच्या आधारे मराठ्यांना कुणबी दाखले देण्याचा, शासन निर्णय निघाला. इकडे गुलाल, तिकडे सुतकी चेहरे. मला धास्ती होतीच. काही दिवसांनी भाऊंचा फोन आला.

"मॅडम, चार दिवस बोललो नव्हतो. आज फाट्यावर त्याने गाडी आडवी घातली. म्हणाला, बोल, माझं म्हणणं आधी तू सांग."

"मग?"

"पहिल्यांदा चुकलं. तोवर परिपाठाची वेळ झाली. उरलेलं परत येताना."