पंचगंगेच्या मॉडेलमध्ये पर्जन्यमापकांऐवजी उपग्रहाचा पाऊस घातला तर अपधाव सुधारेल का?

तुम्ही लिहिलंय की एम.टेक.साठी पंचगंगा खोऱ्याचं एचईसी-एचएमएस मॉडेल (पावसावरून नदीत किती पाणी वाहून येईल, म्हणजे अपधाव, त्याचा संगणकी हिशोब) करताय, घाटात पर्जन्यमापक मोजकेच आहेत, तर ते सोडून सरळ आयमर्गचा, म्हणजे नासाने उपग्रहांवरून काढलेला, पाऊस घ्यावा का आणि त्याची कुठली आवृत्ती घ्यावी. हाच प्रश्न आमच्या ऑफिसात एकदा ज्या रीतीने निकालात काढला गेला, ते अजून माझ्या डोक्यातून जात नाही. म्हणून लिहितेय.

मापक सोडू नका. घाटात तर अजिबात नाही.

आयमर्गमागच्या जीपीएम या पाऊस मोजणाऱ्या मोहिमेच्या उपग्रहांवरचे मायक्रोवेव्ह सेन्सर जमिनीवरचा पाऊस ओळखतात तो मुख्यतः ढगाच्या वरच्या भागातल्या बर्फकणांवरून. सह्याद्रीला धडकून जो पाऊस कोसळतो त्यातले बरेचसे ढग बुटके, वर बर्फ फारसा नाहीच. त्यामुळे गगनबावड्यात धो धो चाललेलं असतं आणि उपग्रहाला मध्यम सरी दिसतात. त्यात ०.१ अंशाचा पिक्सेल म्हणजे साधारण ११ किलोमीटर. माथा, उतार, दरी, सगळ्याची एकच सरासरी. गगनबावडा ते कोल्हापूर पन्नास-पंचावन्न किलोमीटर, तेवढ्यात वर्षाचा पाऊस पाचव्या हिश्श्यावर येतो, हे तुम्हाला माहीत असेलच.

मी तेव्हा एका सल्लागार कंपनीत होते. काम याच पट्ट्यातल्या एका धरणाच्या वरच्या पाणलोटाचं. "त्या लोकांचे आकडे घरी बसून भरलेले असतात," असं म्हणून साहेबांनी मापक बाजूला काढले आणि सगळा पाऊस उपग्रहाचा घातला. मॉडेलचा येवा, म्हणजे धरणात येणारं पाणी, मोजलेल्याशी जुळेना, ते कमीच पडत होतं. मग कॅलिब्रेशनच्या, म्हणजे मॉडेल मोजणीशी जुळवण्याच्या, नावाखाली कर्व्ह नंबर (पावसातलं किती पाणी न मुरता वाहून जाईल ते ठरवणारा शंभरपर्यंतचा आकडा) वर ढकलायला सुरुवात झाली. ढकलत ढकलत ९४. नॅश-सटक्लिफ, म्हणजे मॉडेल मोजणीशी किती जुळतं त्याचा आकडा (१ म्हणजे तंतोतंत), ०.८ च्या वर गेला, पडद्यावर दोन्ही रेघा एकमेकींवर बसल्या, क्लायंट खूश. मी विचारलं, साहेब, डांबरी रस्त्याचा ९८ धरतात, आपल्याकडे वर सगळं जंगल आहे, तिथे ९४? "मॅडम, रिझल्ट बघा." विषय संपला.

आता घरी बसून भरलेल्या आकड्यांबद्दल. त्याच पाणलोटातल्या एका मापकाची वही ठेवणाऱ्या काकांकडे मी गेले होते. साधं हाताने मोजायचं मापक, २०० चौरस सेंटिमीटरचं तोंड, आत ४ लिटरची बाटली. हिशोब करा, २०० मिलिमीटरला बाटली तुडुंब. जुलैत तिथे एका दिवसात तेवढा पाऊस पडतो. म्हणून काका रात्री इरलं घेऊन, बॅटरीच्या उजेडात मापकाशी जायचे, बाटलीतलं पाणी मोजपात्राने मोजून वहीत टिपायचे आणि सकाळी साडेआठच्या आकड्यात ते मिळवायचे. वहीला युरियाच्या पिशवीचं कव्हर. एका पानावर २०० च्या जवळचा आकडा आणि पुढे शेरा, "बाटली वाहिली, पाऊस जास्त असणार". स्वतःचा आकडा कमी आहे हे लिहून ठेवणारा माणूस, आणि साहेबांच्या लेखी तो घरबसल्या!

असो. तुमच्या कामाचं सांगते. पावसाची रक्कम मापकांची घ्या, तासातासाची वाटणी आयमर्गच्या अर्ध्या तासाच्या आकड्यांवरून करा. मिळवताना वेळ सांभाळा. आपला पावसाचा दिवस सकाळी साडेआठला संपतो, म्हणजे यूटीसीचे (जागतिक प्रमाणवेळेचे, उपग्रहाचे आकडे याच वेळेत असतात) ३ वाजता. यूटीसीची मध्यरात्र ते मध्यरात्र बेरीज केली की अर्धा पूर भलत्याच तारखेला जातो आणि मग लोक मॉडेलच्या नावाने खडे फोडतात. दुसरं, आयमर्गच्या 'फायनल' आवृत्तीत मापकांची मासिक दुरुस्ती आधीच केलेली असते आणि ती यायला काही महिने लागतात. ती वापरून "पूर्वसूचना सुधारली" असं लिहू नका. पूर्वसूचनेसाठी काही तासांतच मिळणारी 'अर्ली' किंवा 'लेट' आवृत्ती घ्या आणि घाटापुरती दुरुस्ती स्वतः करा. राधानगरी धरणातून सोडलेलं पाणी (विसर्ग) वेगळं घातलंय ना? नसेल तर बाकी सगळं फुकट.

उपग्रहाचा खरा उपयोग मला पावसापेक्षा इतरत्र जास्त झालाय. जूनमध्ये जमीन किती कोरडी आहे हे स्मॅप या जमिनीचा ओलावा मोजणाऱ्या उपग्रहावरून कळतं. वरच्या ५ सेंटिमीटरचंच आणि दाट झाडीत बेभरवशाचं, तरी सुरुवातीच्या स्थितीसाठी ठीक. जुलैच्या मध्यानंतर सगळंच ओलंचिंब, तेव्हा त्याचा उपयोग नाही. पुराचं पाणी कुठवर पसरलं ते सेंटिनेल-१ या युरोपच्या उपग्रहाचं रडार ढगांतूनही दाखवतं, फेरी त्या दिवशी असली तर.

प्रबंधात नॅश-सटक्लिफचा आकडा छापाल तेव्हा शेजारच्या रकान्यात कर्व्ह नंबरही छापा. गाईड कितीही म्हणाले तरी. आमच्या अहवालात तो परिशिष्टातसुद्धा नव्हता.

ता. क. वरचं सगळं घाटाचं. पूर्वेकडच्या पठारावर उपग्रहाचा पाऊस इतका चुकत नाही, आणि जिथे एकही मापक नाही तिथे तोच घ्यावा लागतो. तिथे मी वाद घालणार नाही.