अलास्का क्रूझ, नऊ माणसे आणि आजोबांचा गुडघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे : तुम्ही दोघे न्यू जर्सीत ग्रीन कार्डावर आहात, मुलगा दहा वर्षांचा आणि मुलगी अडीच वर्षांची आहे, नाशिकहून आई-वडील येणार आहेत, त्यांपैकी वडील 74 वर्षांचे असून गुडघ्याने बेजार आहेत, तर आई शुद्ध शाकाहारी असून त्यांना गाडीसुद्धा लागते, शिवाय ठाण्याहून भाऊ, वहिनी आणि चौदा वर्षांची पुतणी. जूनमध्ये या नऊ जणांनी सात रात्रींची अलास्का क्रूझ करायची आहे आणि रॉयल कॅरिबियन, नॉर्वेजियन, प्रिन्सेस, हॉलंड अमेरिका व डिस्नी यांपैकी कोणती कंपनी निवडावी, असे तुम्ही विचारले आहे.

घरातील ज्येष्ठांना घेऊन मी ही सफर दोनदा केली आहे, एकदा अमेरिकेतल्या सिअ‍ॅटलहून आणि एकदा कॅनडातल्या व्हँकूव्हरहून. त्या अनुभवावरून सांगतो की कंपनीचा विचार तिसऱ्या क्रमांकावर ठेवावा. आधी जहाज कोणत्या बंदरातून सुटते ते पाहावे, मग खोली कोणती मिळते ते पाहावे. तोपर्यंत पाचपैकी दोन-तीन नावे आपोआप गळालेली असतात.

बंदराचा मुद्दा आईंमुळे महत्त्वाचा आहे. व्हँकूव्हरहून निघालेले जहाज व्हँकूव्हर बेट आणि मुख्य भूमी यांमधल्या आडोशाच्या पाण्यातून उत्तरेकडे जाते. सिअ‍ॅटलहून निघणारी मोठी जहाजे मात्र बहुधा त्या बेटाच्या पश्चिमेकडून, म्हणजे उघड्या प्रशांत महासागरातून जातात, आणि तो टप्पा कधीकधी चांगलाच हलवतो. आमच्या सिअ‍ॅटलच्या सफरीत सासूबाईंना दुसऱ्याच दिवशी बोट लागली आणि तो सबंध दिवस त्यांनी आल्याच्या वड्या चघळत पलंगावर काढला. तिसऱ्या दिवशी पाणी शांत झाले तशा त्या उठल्या, पण सात दिवसांतला एक दिवस गेला तो गेलाच. न्यू जर्सीहून सिअ‍ॅटल गाठणे सोपे आणि बऱ्याचदा स्वस्त असते हे खरे. तरीही तुमच्या जागी मी व्हँकूव्हरच घेईन.

व्हिसाची कटकट दोन्हीकडे सारखीच आहे आणि याबाबत फार जण फसतात. अमेरिकेत 1886 साली झालेल्या एका कायद्यामुळे परदेशी ध्वजाच्या जहाजाला अमेरिकी बंदरातून प्रवासी घेऊन मधे एकाही परदेशी बंदराला न लागता त्यांना पुन्हा अमेरिकेतच उतरवता येत नाही. क्रूझची जवळजवळ सगळी मोठी जहाजे बहामा, बर्म्युडा, पनामा किंवा नेदरलँड्स अशा देशांत नोंदलेली असल्यामुळे सिअ‍ॅटलहून जाऊन-येऊन होणाऱ्या फेऱ्या कॅनडातील एखाद्या बंदराला, बहुधा व्हिक्टोरियाला, काही तास लागतात. ‘तिथे उतरायचे नसेल तर कॅनडाचा व्हिसा लागत नाही’ असे आम्हाला एका एजंटाने ठामपणे सांगितले होते. कंपनीची कागदपत्रांची यादी मी स्वतः वाचली म्हणून चूक वेळेवर कळली, आणि सासऱ्यांचा व्हिसा निघण्याच्या चार दिवस आधी हाती पडला. तुम्हाला ग्रीन कार्डामुळे कॅनडाचा व्हिसा लागणार नाही. पारपत्र आणि कार्ड दोन्ही मात्र जवळ हवीत. आई-वडील, भाऊ, वहिनी व पुतणी यांनी मात्र तो भारतातूनच काढून घ्यावा, आणि अमेरिकेचा व्हिसा एकाहून अधिक वेळा प्रवेश देणारा आहे याची खात्री करावी.

आता खोली. कंपन्यांच्या चित्रांत जे दिसत नाही ते असे की, साध्या खोलीतल्या न्हाणीघराला पोलादी उंबरठा असतो. पाणी बाहेर येऊ नये म्हणून तो ठेवलेला असतो आणि उंचीने काही इंचच असतो, पण रात्री दोन वाजता, अंधारात, हलत्या जहाजावर, दुखऱ्या गुडघ्याने तो ओलांडणे हे काम असते. माझे सासरे त्यालाच अडखळले. सुदैवाने हात दाराच्या चौकटीवर पडला आणि खरचटण्यावर निभावले. अपंगांसाठीच्या खोल्यांत हा उंबरठा नसतो, दार रुंद असते, न्हाणीत बसायची सोय आणि धरायला दांड्या असतात. अशा खोल्या प्रत्येक जहाजावर मोजक्याच असल्याने त्या लवकर संपतात. वडिलांची गरज खरी असल्याने ती मागण्यात संकोच करण्याचे कारण नाही. शिवाय ती जहाजाच्या मध्यभागी आणि खालच्या मजल्यावर मिळाली तर हालचाल सर्वांत कमी जाणवते आणि आईंचेही काम होते. चार माणसांची म्हणून विकली जाणारी खोली आजी-आजोबा आणि दोन नातवंडांसाठी घेऊ नका, कारण त्यातले दोन पलंग अनेकदा छतातून खाली येणारे आणि शिडीचे असतात. तुमच्या चौघांसाठी मधे दार असलेल्या दोन जोडखोल्या घेतल्या तर जूनमध्ये मुलीला वेळेवर झोपवताही येईल. त्या दिवसांत अलास्कातल्या जुनो बंदरात सूर्य रात्री दहाच्या सुमारास मावळतो, म्हणून दोहोंपैकी एक खोली बिनखिडकीची घ्यावी.

यानंतर कंपनी. अलास्कात ज्येष्ठांसाठी सर्वांत सुंदर दिवस कोणता असेल तर तो ग्लेशियर बेचा, कारण त्या दिवशी जहाजावरून उतरायचेच नसते. हे राष्ट्रीय उद्यान आहे. तिथे एका दिवसात जास्तीत जास्त दोन क्रूझ जहाजांना प्रवेश मिळतो आणि उद्यानाचे रेंजर जहाजावर चढून माहिती देतात. मार्जरी हिमनदीसमोर जहाज थांबते आणि मग जागच्या जागी सावकाश फिरते, त्यामुळे दोन्ही बाजूंच्या माणसांना ती दिसते. आमचे आजोबा काचेच्या आत शाल पांघरून, हातात चहा घेऊन बसले होते, बर्फाचा कडा कोसळताना आधी दिसला आणि त्याचा गडगडाट थोड्या वेळाने आला, तेव्हा ते नुसते “अरे!” म्हणाले आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. हे परवाने मुख्यत्वे हॉलंड अमेरिका, प्रिन्सेस आणि नॉर्वेजियन यांच्याकडे आहेत. रॉयल कॅरिबियन आणि डिस्नी यांची जहाजे दुसऱ्या हिमनद्यांकडे जातात; त्याही देखण्या आहेत, पण मला हा फरक मोठा वाटतो.

मुलांच्या बाजूने पाहिले तर उत्तर बदलू शकते, हे कबूल केले पाहिजे. रॉयल कॅरिबियनच्या क्वांटम वर्गातल्या जहाजांवर बंदिस्त क्रीडागृह, टक्कर-गाड्या आणि छताखालचा पोहण्याचा तलाव आहे. बाहेर थंडी आणि पाऊस असताना तुमचा मुलगा आणि पुतणी तिथे सहज रमतील. डिस्नीवर जुगारघर नाही आणि लहान मुलांची काळजी फारच चांगली घेतात, पण नऊ माणसांचे भाडे पाहून माझी तरी छाती दडपली. अडीच वर्षांच्या मुलीची अडचण वेगळी आहे. मुलांचे विनामूल्य क्लब साधारणपणे तीन वर्षे पूर्ण झालेल्या मुलांसाठी असतात, आणि लंगोट घालणाऱ्या बाळाला मुख्य तलावात उतरू देत नाहीत. तिच्या वयासाठी पैसे देऊन पाळणाघर हवे असेल तर ते डिस्नीवर आणि रॉयल कॅरिबियनच्या मोठ्या जहाजांवर मिळते. पण आजी सोबत असताना ते लागेल का, हे तुम्हीच ठरवा. आजीलाही सुट्टी हवी असते, एवढे लक्षात असू द्या.

जेवणाची चिंता लोक वाजवीपेक्षा जास्त करतात. आरक्षण करतानाच शाकाहाराची नोंद करावी, आणि रात्रीच्या जेवणासाठी ठरलेल्या वेळेची पंगत घ्यावी, म्हणजे टेबल आणि वेटर रोज तेच राहतात. पहिल्याच रात्री मुख्य वेटरशी बोलून दुसऱ्या दिवशीचे सांगून ठेवले की काम होते. आमचा वेटर म्हापशाचा निघाला. त्याने सासूबाईंशी कोकणीत सुरुवात केली, त्यांनी मराठीत उत्तर दिले, आणि तिसऱ्या रात्रीपासून त्यांच्यासमोर न सांगता वरणासारखे पातळ पिवळे काहीतरी आणि भात येऊ लागला. नॉर्वेजियनवर वाटेल तेव्हा वाटेल तिथे जेवता येते, पण त्यामुळे रोज नवा वेटर आणि रोज नव्याने समजावणे येते. घरचे लाडू-चिवडा जहाजावर नेऊ देत नाहीत. कारखान्यातून बंद होऊन आलेली पाकिटे सहसा चालतात. विजेची किटली नेऊ नका, ती काढून ठेवतात.

बंदरांवर वडिलांना काय दाखवावे, असेही तुम्ही विचारले आहे. स्कॅग्वेची व्हाइट पास रेल्वे अवश्य घ्या. सोन्याच्या शोधात लोक धावले त्या काळात, 1898 ते 1900 दरम्यान बांधलेली ही अरुंद मार्गाची गाडी 2,865 फुटांवरच्या खिंडीपर्यंत चढते. फक्त खिंडीपर्यंत जाऊन परतणारी फेरी निवडली तर गाडीतून उतरावेही लागत नाही.

बक्षिशी माणशी रोज साधारण 16 ते 20 डॉलर धरावी, म्हणजे नऊ जणांची आठवड्याला हजार ते साडेबाराशे डॉलर होते. आई-वडिलांसाठी घेतलेला विमा जहाजावरच्या दवाखान्याला, जुन्या आजारांना आणि रुग्णाला हवाईमार्गे हलवण्याच्या खर्चाला लागू आहे का, हे लेखी विचारून घ्या. चाकाची खुर्ची स्वतःची किंवा भाड्याची न्यावी; जहाजावरच्या खुर्च्या चढण्या-उतरण्यापुरत्याच देतात.

तुमच्या कुटुंबासाठी माझी पहिली पसंती व्हँकूव्हरहून निघून तिथेच परतणारी, ग्लेशियर बेला जाणारी हॉलंड अमेरिकेची फेरी. तिच्यावर गर्दी कमी, आवाज कमी, आणि चौदा वर्षांच्या मुलीला तिथे दोन दिवस कंटाळा येणार हेही खरे. तो कंटाळा कुटुंबाला परवडणार नसेल तर सिअ‍ॅटलहून रॉयल कॅरिबियन, आणि आईंसाठी डॉक्टरांना विचारून बोट लागण्याच्या गोळ्या. ठाण्याची शाळा जूनच्या मध्याला उघडते आणि न्यू जर्सीची साधारण तिसऱ्या आठवड्यात बंद होते, तेव्हा कोणाची शाळा बुडवायची हे भावाशी बोलून आधी ठरवा. तारीख ठरल्याशिवाय बिनउंबरठ्याची खोली धरून ठेवता येणार नाही.