कड्याखाली जाण्याआधी

भाऊ, सातपुड्यात गिधाडं बघायला निघालास, फार बरं वाटलं. पण हिवाळ्यात कड्यावरच्या घरट्याजवळ जाऊ नकोस, लांबूनच दुर्बीण लाव. लांब चोचीच्या गिधाडांची जोडी वर्षाला एकच अंडं घालते. माणसांच्या वावराने ती उठली की अंडं उघडं पडतं. ड्रोन तर नकोच.

खरं काम मात्र गोठ्यात आहे. डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक औषध टोचलेलं ढोर मेलं आणि गिधाडांनी खाल्लं, की त्यांची मूत्रपिंडं निकामी होतात. जनावरांसाठी ते २००६ मध्ये बंद झालं, तरी माणसांसाठीच्या या औषधाची मोठी बाटली ढोरांना वापरली जायची. म्हणून २०१५ मध्ये ती ३ मिलीवर आणली. गावात म्हशीला ताप आला, की डॉक्टरांकडे मेलॉक्सिकॅम हे गिधाडांना न बाधणारं औषधच मागायला सांग. आणि मेलेल्या ढोरावर विष टाकू देऊ नकोस.