टोळ्या निघण्याआधी

पोळा झाला की ऊसतोडीला मजूर नेणाऱ्या मुकादमाची उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, गावोगाव फिरू लागते आणि माझ्या टपालात ऊसतोड कुटुंबांचे प्रश्न वाढतात. या वेळी त्यांतलेच पाच घेतले आहेत.

आमच्या गावातून साठ-सत्तर कोयते (ऊस तोडणाऱ्या नवरा-बायकोच्या जोड्या) बाहेर पडतात. मुलांना गावातच ठेवायला हंगामी वसतिगृह सुरू होतं, तरी गेल्या वर्षी बरीच मुलं आईबापांबरोबर गेलीच. पालकांना शिक्षणाचं महत्त्व कसं पटवावं?
— शाळा व्यवस्थापन समितीचे सदस्य, जि. बीड

पटवायला जाऊच नका, ते त्यांना पटलेलं असतं. त्यापेक्षा घरटी यादी करा: कोणतं मूल कुणापाशी राहू शकतं, आणि जाणार असेल तर कशासाठी. अशीच यादी करताना मला चौथीतली एक मुलगी भेटली. घरी आजी होती, दोन्ही वेळचं जेवण शाळेत मिळणार होतं, तरी ती निघाली होती. कारण दहा महिन्यांचा भाऊ. आई पहाटे चारला फडात गेली की कोपीत, म्हणजे तळावरच्या तात्पुरत्या झोपडीत, बांधलेली साडीची झोळी हलवायला कुणीतरी हवं. म्हणजे तिची शाळा सुटली ती शेकडो किलोमीटरवरच्या कारखान्याच्या तळावर पाळणाघर नाही म्हणून. तिच्या आईला तुम्ही महत्त्व काय सांगणार?

म्हणून ही यादी फक्त शाळेच्या फायलीत ठेवू नका. तान्ही मुलं किती जाणार आहेत, हे मुकादमामार्फत कारखान्याच्या शेतकी विभागाला टोळ्या निघण्याआधी लेखी कळवा. करार होईपर्यंत कारखान्याला टोळीची गरज असते. गाळप सुरू झाल्यावर तुमचा कागद कोण वाचतो?

दुसरी अडचण रात्रीची. आपण वसतिगृह म्हणतो, पण अनेक ठिकाणी मुलं शाळेत जेवतात आणि झोपायला नातेवाइकांकडे जातात. वयात येणाऱ्या मुलींच्या आया नेमक्या इथे अडतात, आणि त्यांचं चुकत नाही. संध्याकाळी त्या घरांवर फेरी कोण मारणार, हे बाईचं नाव घालून ठरवा. ‘समिती लक्ष ठेवेल’ असं लिहिलंत तर कुणीच ठेवणार नाही.

तिसरं म्हणजे किराणा. अनुदान उशिरा येतं आणि स्वयंपाक करणाऱ्या बचत गटाची उधारी दुकानदार महिनाभरात थांबवतो. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातले दहा टक्के महिला व बालकल्याणावर खर्च करायचे असतात. त्यातून काय करता येईल, हा विषय आधी महिलांच्या सभेत आणि मग ग्रामसभेत घ्या. आणि बैठक पोळ्याच्या सुमारास लावा. दिवाळीत लावलीत तर अर्धी गाडी भरलेली असते.

माझ्या हद्दीत दरवर्षी पन्नास-साठ कोप्या पडतात. ही बाळं माझ्या यादीत नसतात, लसीकरणाची कार्डं हरवलेली असतात. दुपारी गेलं तर कोपीत कुणी नसतं.
— आशा कार्यकर्ती, जि. सांगली

कार्ड नाही म्हणून बाळाला परत पाठवू नका, आणि एखादा डोस चुकला म्हणून सगळं पहिल्यापासूनही सुरू करायचं नसतं. राहिला तिथून पुढे चालवायचं. आईला आठवत नसेल तर तिच्या गावच्या आशाताईंना फोन लावा, त्यांच्या वहीत नोंद असते. निघतानाच कार्डाचा फोटो आईच्या मोबाइलमध्ये काढून दिला तर हा फोनही वाचेल. हे वाक्य मराठवाड्यातल्या आशाताईंसाठी.

कोप्या शोधत हिंडू नका. कोणती टोळी कुठे उतरली आहे, हे कारखान्याच्या गट कार्यालयाला ठाऊक असतं. लसीकरणाची वेळ मात्र मुकादमाला विचारून ठरवा. जाताना अंगणवाडीताईंना दंडाची पट्टी घेऊन बरोबर न्या: सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाचा दंडघेर 11.5 सेंटीमीटरहून कमी भरला तर ते तीव्र कुपोषण आहे. हंगाम संपायची वाट पाहू नका. अंगणवाडीच्या पोषण ट्रॅकर या ॲपवर स्थलांतरित मुलांची नोंद करता येते, त्यामुळे ‘आमच्या पटावर नाही’ हे उत्तर आता चालत नाही.

पाळीत फार रक्त जातं. दवाखान्यात पिशवी काढायला सांगितलं. वय एकतीस. खाडा पडला की पैसे कापतात, म्हणून काढूनच टाकावी असं घरचे म्हणतात.
— एक वाचक, जि. बीड

ताई, घाई करू नका. जास्त रक्तस्राव आणि अंगावरून पांढरं जाणं यांवर बऱ्याचदा गोळ्या-औषधांचा उपाय असतो. आधी उपजिल्हा किंवा जिल्हा रुग्णालयात स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा, सोनोग्राफी आणि हिमोग्लोबिन तपासून घ्या. सगळे कागद स्वतःजवळ ठेवा. 2019 साली नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीने बीडमधल्या याच शस्त्रक्रियांची चौकशी केली होती, एवढा हा प्रश्न मोठा आहे. पिशवीबरोबर दोन्ही अंडाशयंही काढली तर तिशीतच रजोनिवृत्ती येते आणि हाडं ठिसूळ होऊ लागतात. मग मोळी कशी उचलणार, हे घरच्यांना विचारा. खाड्याची भीती खरी आहे, पण त्यावरचा इलाज मुकादमाशी बोलून काढायचा. पोट फाडून नव्हे.

आमच्या सोसायटीने लाखभर रुपये जमवले आहेत. दप्तरं वाटावीत का?
— पुणे

नको. दप्तरं बहुतेक घरांत दोन-दोन आहेत. एखाद्या तळावर पाळणाघर चालवणाऱ्या बाईचं पाच महिन्यांचं मानधन द्या, किंवा एखाद्या वसतिगृहाची किराण्याची उधारी अनुदान येईपर्यंत पेला. यात फोटोला काही मिळत नाही, हे आधीच सांगतो.

मार्चमध्ये आम्ही परत आलो की शाळा म्हणते, तिकडच्या शाळेचा दाखला आणा. मुलगा तोवर घरीच.
— ऊसतोड कामगार, जि. जालना

दाखल्याला उशीर झाला म्हणून प्रवेश अडवता येत नाही; शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 5 मध्ये तसं स्पष्ट लिहिलं आहे. मुलाला उद्याच वर्गात बसवा, दाखला शाळेने मागवून घ्यायचा. मुख्याध्यापक ऐकत नसतील तर गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या नावे अर्ज द्या आणि पोचपावती घ्या. पुढच्या वर्षी निघताना शाळेकडून शिक्षण हमी पत्रक (तिकडच्या शाळेत दाखवायचा कागद) मागून घ्या, आणि ते प्लॅस्टिकच्या पिशवीत रेशनकार्डाबरोबर ठेवा. कोपीत पहिल्यांदा भिजतात ती कागदपत्रंच.