डायनासोरांच्या आधीचे शाकाहारी प्राणी सगळे एकाच छापाचे होते का?

प्रश्न असाय की सस्तन प्राण्यांचे ते जुने शाकाहारी नातेवाईक सगळे डुकरासारखे, बुटके, दोन सुळेवालेच होते का. नाही हो. जिथे तिथे त्यातल्या लिस्ट्रोसॉरस नावाच्या एकाच प्राण्याचं चित्र छापतात म्हणून तसं वाटतं.

या मंडळींचं नाव डायसिनोडॉन्ट, आपले थेट पूर्वज नाहीत, चुलत घराणं म्हणा. बहुतेकांना पुढे दात नव्हतेच, कासवासारखी चोच आणि वर दोन सुळे. खायची पद्धत मी भाच्याला आईच्या पाट्या-वरवंट्यावर दाखवली होती: आधी चोचीने अडकित्त्यासारखं कापायचं, मग खालचा जबडा मागे ओढायचा, वरवंटा आपल्याकडे ओढतो ना तसा, की पाला चिरडला. हे एक हत्यार जमलं आणि मग अंगाचे आकार वाट्टेल तसे झाले.

डिक्टोडॉन मांजराएवढा, दक्षिण आफ्रिकेच्या कारू भागात त्याची बिळं सापडलीत, जिन्यासारखी गोल फिरत खाली जाणारी, आणि काही बिळांत तळाशी दोन सांगाडे वेटोळं करून शेजारी शेजारी. सिस्टेसिफॅलस तर चिचुंदरीसारखा माती उकरणारा. एंडोथायोडॉनने मात्र चोचीबरोबर दातांच्या रांगाही ठेवल्या. रशियातला सुमिनिया डायसिनोडॉन्ट नाही पण त्यांचाच भाऊबंद, तो लांब बोटांनी फांद्या पकडून झाडावर राहायचा, तेही साधारण २६ कोटी वर्षांपूर्वी! ब्राझीलचा टियाराजुडेन्स, हाही भाऊबंदच, पाला खायचा आणि सुळे वाघासारखे, ते बहुतेक एकमेकांना दाखवायला किंवा भांडायला असावेत. आणि शेवटी पोलंडचा लिसोविशिया, २०१९ मध्ये नाव दिलं, हत्तीएवढा, तेव्हा डायनासोर आलेले होते तरी हा आपला चरतोय.

मधे २५.२ कोटी वर्षांपूर्वी पर्मियन नावाच्या कालखंडाच्या शेवटी जवळजवळ सगळी जीवसृष्टी संपली, त्यातून लिस्ट्रोसॉरस वाचला आणि मग तोच जिकडे तिकडे झाला, आफ्रिकेत, अंटार्क्टिकात आणि आपल्या रानीगंजच्या बाजूला दामोदर खोऱ्यातही. समुद्र पोहून गेला असेल असं कुणी म्हणालं तर हसा, हे सगळे भूभाग तेव्हा एकमेकांना चिकटलेलेच होते.

आता आमच्या बडोद्याचं थोडं कौतुक, चालवून घ्या. प्राणहिता-गोदावरी खोऱ्यात, म्हणजे गडचिरोलीच्या पलीकडे तेलंगणात, एक धिप्पाड डायसिनोडॉन्ट मिळाला त्याचं नाव वाडियासॉरस, भूवैज्ञानिक दा. नो. वाडियांवरून. हे वाडिया आमच्या बडोदा कॉलेजात शिकलेले. रोज त्या कॉलेजच्या घुमटाखालून स्कूटर काढतो पण हे मला चाळिशीत कळलं, शाळेत सगळा वेळ सनावळ्यांत गेला. कमाटीबागेच्या म्युझियममध्ये ब्लू व्हेलच्या सांगाड्याखाली उभं राहून भाच्याला हे सांगितलं तर तो म्हणतो, "मामा, मग डायनासोर कुठेय?"

एक लक्षात ठेवा, यांना डायनासोर म्हणू नका, आणि जुन्या पुस्तकातलं 'सस्तनांसारखे सरडे' हेही नको. सरडे-मगरींची फांदी यांच्यापासून कितीतरी आधीच वेगळी झाली होती.